दूध चालू ठेवणेबाबत

कोणत्याही सुसंस्कृत राज्याची खरी ताकद त्याच्या वेळापत्रकात असते. सैन्य, खजिना, कायदा या गोष्टी नंतर येतात. सकाळी अकराला घंटा वाजली आणि माणसं आपापल्या जागी बसली, की राज्य आहे असं समजावं. संध्याकाळी पाचला उठली, की ते उद्याही राहील असं समजावं. मधल्या सहा तासांत काय होतं, याची चौकशी कोणतंही शहाणं राज्य करत नाही.

आईच्या दुधाला मात्र एवढी साधी गोष्ट कळत नाही. ते घंटा न ऐकता येतं, आणि वेळेवर घेणारं कोणी नसलं तर रुसून जातं. शिस्तीच्या दृष्टीने हा मोठाच दोष आहे, आणि सन एकोणीसशे छप्पनच्या सप्टेंबरात हा दोष सौंसरच्या एका मुलींच्या प्राथमिक शाळेत, दुसरीच्या वर्गात, उघडकीला आला.

दुसरीच्या शिक्षिका वच्छलाबाई. वय चोवीस, आवाज खणखणीत, हस्ताक्षर मोत्यासारखं. जूनमध्ये त्यांना पहिली मुलगी झाली, तिचं नाव अनुराधा. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा अनुराधा तीन महिन्यांची होती. तिला सासूबाईंच्या, म्हणजे केसरबाईंच्या, मांडीवर ठेवून वच्छलाबाई शाळेत रुजू झाल्या. घर शाळेपासून चार मिनिटांवर, बाजारओळीच्या मागे. पण शाळेच्या वेळात शिक्षकांनी आवाराबाहेर जाऊ नये, असा नियम होता. (मधल्या सुट्टीतही जाऊ नये. सुट्टी मुलांसाठी असते.)

पहिल्या आठवड्यात साडेबारा वाजले की वच्छलाबाईंची छाती दगडासारखी घट्ट व्हायची. मग पोलकं भिजायचं. त्या पदर घट्ट लपेटून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि फळा पुसतच राहायच्या. पहिल्या बाकावरची कला एकदा उठून म्हणाली, "बाई, फळा कोरडा झाला. पण तुमच्यावर पानी सांडलं."

तिसऱ्या आठवड्यात पोलकं भिजणं थांबलं. वच्छलाबाईंना आधी हायसं वाटलं. मग संध्याकाळी अनुराधा दोन मिनिटं ओढून, तोंड बाजूला करून, लाल होऊन रडली, तेव्हा त्यांना कारण कळलं. दूध कमी होत होतं.

अशा प्रसंगी समाज कधी मागे राहत नाही. आठवडाभरात सौंसर, मोहगाव आणि माहेरचं पांढुर्णा मिळून एकोणचाळीस बायकांनी सत्तेचाळीस उपाय सांगितले. (एका मावशींनी एकटीनेच सहा सांगितले. त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध होते.) आळीव खा. आळीव मुळीच खाऊ नका. शतावरी दुधात घ्या. खसखस, डिंक, बाजरीची पेज, ओल्या खोबऱ्याचा कीस. वच्छलाबाईंनी सगळं खाल्लं. त्यांचं वजन वाढलं, अनुराधाचं नाही. बाजारातल्या कंपाउंडरने विलायती दुधाच्या डब्याची शिफारस केली. डब्यावर एक गुबगुबीत गोरं बाळ होतं. ते कोणाच्या दुधावर वाढलं हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

केसरबाईंचा उपाय सगळ्यांत सोपा होता.

"नौकरी सोडून दे. पोरगी वाळून राहिली अन् हे पाढे शिकवून राहिली!"

"आई, मी सोडणार नाही. आणि पोरगीले वाळूही देणार नाही."

"दोन्ही कसं व्हईन बाप्पा?"

हे वच्छलाबाईंनाही माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी, ज्याला काहीच माहीत नसतं असा नागरिक करतो तेच केलं. अर्ज केला. विषय: "दूध चालू ठेवणेबाबत." मागणी: दुपारी सव्वाबारा आणि साडेतीन वाजता घरी जाऊन तान्ह्या बाळास पाजून येण्याची परवानगी मिळावी.

मुख्याध्यापक भगवंतराव हे सज्जन गृहस्थ. स्वतःची पाच मुलं त्यांनी लांबून वाढताना पाहिली होती. त्यांनी अर्ज तीनदा वाचला आणि रजेचं रजिस्टर उघडलं.

"बाई, तुमचं म्हननं मले पटते. पण हे बसवू कुठं? किरकोळ रजा, आजारपनाची रजा, बिनपगारी रजा. दुधाचा रकानाच नाही."

"मग एक रकाना आखा ना सर. पट्टी माझ्याकडे आहे."

भगवंतरावांचा चेहरा पांढरा पडला. रकाना आखणं हे वरच्यांचं काम. त्यांनी अर्जावर "सहानुभूतीपूर्वक पुढे" असं लिहून तो छोट्या लाइनच्या गाडीने नागपूरला रवाना केला.

इथे राज्याने एक अत्यंत मोठं काम हाती घेतलं होतं. ते स्वतःलाच नव्याने आखत होतं. एक नोव्हेंबरला नागपूर या राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात गेलं आणि राजधानी भोपाळला गेली. सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, जागचं तसूभरही हललं नाही. तरी आदल्या दिवशी राजधानीजवळ झोपलेली माणसं सकाळी उठली ती राजधानीपासून फार लांब. संत्री पूर्वीसारखीच नागपूरला जात राहिली, कारण संत्र्यांना आदेश कळत नाहीत. कागद मात्र गठ्ठ्यांत बांधून भोपाळच्या गाडीत चढले, आणि त्यांत वच्छलाबाईंचा अर्ज होता.

दूध असं पत्रव्यवहाराची वाट पाहत थांबत नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावरच वच्छलाबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं होतं. माणसं त्यात सवलत शोधतात म्हणून त्यांना ती सापडत नाही. वच्छलाबाईंनी कर्तव्य शोधलं, आणि ते बाराव्या पानावर सापडलं. प्रत्येक वर्गाने परिसर-अभ्यासासाठी शाळेबाहेर जावं, मात्र दोन फर्लांगांच्या आत. शिक्षकाने मुलांना सोडून जाऊ नये, मुलांना घेऊन कुठेही जावं. आठवड्यातून किती वेळा, हे छापायचं राहून गेलं होतं.

"सर, माझं घर किती लांब असेल?"

भगवंतराव घाण्यावरच्या बैलासारखे एका चालीत पावलं मोजत स्वतः चालत गेले आणि घाम पुसत परत आले. "दीड फर्लांग. नियमात बसते." ते बोलले आणि दहा वर्षांनी तरुण दिसले.

दुसऱ्या दिवसापासून सव्वाबारा आणि साडेतीन वाजता एकतीस मुली दोन-दोनच्या रांगेत बाजारओळ ओलांडून परिसराचा अभ्यास करायला निघू लागल्या. परिसर म्हणजे केसरबाईंचं अंगण. वच्छलाबाई आत जाऊन दार लोटून अनुराधाला जवळ घ्यायच्या आणि आतूनच विचारायच्या, "बे एके?" अंगणातून एकतीस गळे उत्तर द्यायचे. कोणी चुकलं तर आतून तेवढीच चूक बरोबर पकडली जायची.

केसरबाई पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे काय धर्मशाळा हाय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना माठातलं पाणी दिलं. चौथ्या दिवशी जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या. (दैनंदिनीत नोंद: लोकवाङ्मय.) आठव्या दिवशी मुली पाच मिनिटं उशिरा आल्या, तर त्या फाटकाशी येऊन उभ्या. "काहून उशीर केला? पोरगी वाट पाहून राहिली!"

पण दूध वाढतं आहे का, हे कळणार कसं? वच्छलाबाईंना भीती होती ती याचीच. त्या आत बसून पाढे विचारायच्या तेव्हा आवाज खणखणीत असायचा, पण बोटं बाळाच्या मनगटावरून फिरत असायची. वळी पडली का, बघत असायची. शेवटी त्यांनी दर सोमवारी परिसर-अभ्यास बापूजींच्या किराणा दुकानावरून न्यायचं ठरवलं. बापूजींनी तराजूचं पारडं धोतराच्या सोग्याने पुसलं, त्यात घडी घातलेलं गोधडं ठेवलं, आणि त्यावर अनुराधाला. दुसऱ्या पारड्यात शेर, अच्छेर, पावशेर, छटाक. गोधड्याचं वजन वजा करायचं काम मुलींचं.

पहिल्या सोमवारी पाच शेर दोन छटाक. दुसऱ्या सोमवारी पाच शेर दोन छटाक. वर्गात परतल्यावर वच्छलाबाईंनी सांगितलं, "फरक शून्य. शून्य हासुद्धा आकडाच आहे." मग फळ्याकडे वळून त्यांनी तो कोरडा फळा बराच वेळ पुसला.

तिसऱ्या सोमवारी कला ओरडली, "बाई, तीन छटाक! तीन छटाक वाढले!" एकतीस मुलींनी दुकानात असा काही गलका केला की भाव घसरला की काय म्हणून समोरचा कापूस-अडत्या पळत बाहेर आला. बापूजींनी सगळ्यांना फुटाणे वाटले. वच्छलाबाई हसल्या आणि डोळ्यांत पाणी आलं तेही त्यांनी पुसलं नाही. त्यानंतर वजन चढतच गेलं. नाताळपर्यंत सौंसरमधल्या इतर कोणत्याही दुसरीला शेर-छटाकाची हातच्याची वजाबाकी येत नव्हती. ही दुसरी ती झोपेत करू शकत होती.

जानेवारीत एक दिवस पांढुर्ण्याहून एक गृहस्थ सायकलवर आले. खाकी पँट, कॅरिअरला लाकडी पेटी. ढोर-दवाखान्यातले पुंडलिकराव. त्यांनी भगवंतरावांपुढे कागद ठेवला.

त्याचं असं झालं होतं. नव्या राजधानीत गठ्ठे सुटले तेव्हा एका कार्यालयात मराठी वाचणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता. (आजारपणाच्या. तिचा रकाना होता.) ऐंशी शब्दांच्या अर्जातला एकच शब्द तिथल्या लोकांच्या ओळखीचा निघाला: दूध. त्यांनी अर्ज दुधाच्या खात्याकडे पाठवला. दुधाच्या खात्याने तत्परतेने पाहणीचा आदेश काढला. सौंसर येथील वच्छला हिचं दूध कमी होत असल्याची तक्रार आहे, तरी प्रत्यक्ष तपासून अहवाल द्यावा.

"कुठी बांधली आहे?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"ती दुसरीले शिकवून राहिली," भगवंतराव म्हणाले.

पुंडलिकरावांनी कागद पुन्हा वाचला. मग पुंडलिकराव उठले, बसले, पुन्हा उठले. "माफ करा साहेब, मी वापस जातो." पण वच्छलाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी पाहणीचा छापील नमुना मागून घेतला, उभ्या उभ्या वाचला, आणि त्यांना असं हसू आलं की दाराची चौकट धरावी लागली.

"इतक्या लांबून आलात तर भरून घेऊ या. वेत कितवं?"

"बाई, राहू द्या ना."

"पहिलं. वय चोवीस. चारा: ज्वारीची भाकर, मेथी, आळीव. स्वभाव..." त्या थांबल्या. "स्वभाव गरीब, असं भगवंतराव सर सांगतील. शिंगं?"

परिसर-अभ्यासाला उशीर का झाला म्हणून अनुराधाला कडेवर घेऊन शाळेपर्यंत आलेल्या केसरबाई खिडकीतून म्हणाल्या, "लिहा की हायेत. मले ठाऊक हाय."

हसण्याचा भर ओसरला तेव्हा वच्छलाबाईंना जरा टोचलं. पाच महिन्यांत त्यांना एकाच खात्याने विचारलं होतं, दूध का कमी झालं. आणि ते खातं गाईम्हशींचं होतं.

पुंडलिकरावांना ते दिसलं असावं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बाई, मी वीस वर्षांपासून हेच सांगून राहिलो. दूध ठेवून वाढत नाही, पाजून वाढते. तटवलं का आटलं. वासरू वेळेवर लावायचं, पानी भरपूर द्यायचं, अन् गाईले भेव दाखवायचं नाही. गवळी एका दिवसात समजतो. तुम्हाला कोनी सांगितलं नाही काय?"

"एकोणचाळीस जणींनी सांगितलं. हे सोडून सगळं."

पुंडलिकरावांनी पेटीवर कागद ठेवून अहवाल लिहिला: प्रकृती उत्तम. पिल्लू (खोडून) बालक जोमदार, वजन सात शेर, वर्गाने प्रमाणित. शिफारस: दिवसातून दोनदा पाजू द्यावे. धाक दाखवू नये.

एप्रिलात मंजुरी आली. "सदर दुधाळास नियमित वेळी पिल्लाजवळ सोडण्यास हरकत नाही. हा आदेश पुढील सूचनेपर्यंत अमलात राहील." पुढील सूचना आलीच नाही. पुढच्या नऊ वर्षांत तहसिलीतल्या अकरा शिक्षिकांनी या आदेशाची नक्कल जोडून आपली लेकरं पाजली, आणि एकाही मुख्याध्यापकाने हरकत घेतली नाही. भगवंतरावांनी तर रजिस्टरमध्ये अखेर एक नवा रकाना आखला. शीर्षक काय द्यावं हे न सुचल्याने ते कोरं सोडलं, पण रेघ सरळ होती. त्यांनी पट्टी वच्छलाबाईंची मागून घेतली होती.

अनुराधा मात्र दीड वर्षाची झाली आणि स्वतःहूनच भाकरीकडे वळली. त्यासाठी तिने कोणाला कळवलं नाही.

एवढं सगळं वाचकांनी शांतपणे वाचलं. मुख्याध्यापकांची पावलं मोजली, किराणा दुकानात मुलींबरोबर उभे राहिले, ढोर-डॉक्टरांची कीव केली, सासूबाईंना आधी नावं ठेवून नंतर माफही केलं. या काळात बाळाचे वडील कुठे होते, हे मात्र कोणी एकदाही विचारलं नाही. नागपुरात विचारलं नाही, भोपाळात विचारलं नाही, आणि इथे आपणही नाही. त्यांचं नाव मोरेश्वर. ते त्याच गावात, त्याच बाजारओळीत नोकरीला होते, माणूस चांगला होता, आणि त्यांना कोणताही अर्ज करावा लागला नाही. प्रश्न न विचारता आपण ज्या सहजतेने इथवर आलात, ती पाहता कोणत्याही कार्यालयात आपली नेमणूक व्हायला हरकत दिसत नाही.