कपाटामागची शाळा

विद्यापीठाच्या ज्या इमारतीत माणसं किडे पाळून पोट भरतात, त्याच इमारतीत वर्षातून एकदा किडे मारायची फवारणी व्हावी, हा विनोद कुणी मुद्दाम केला नव्हता. तो वरच्या आदेशाने झाला होता, आणि आदेशाला विनोद कळत नाही. फलकावर कागद लागला: सर्व मजल्यांवर फवारणी, ज्यांचे जे काही जिवंत असेल त्यांनी ते हलवावे. मग काय, मुंग्यांवाला मुंग्या घेऊन भावाकडे गेला, फळमाश्यांवाली मैत्रिणीकडे गेली, आणि चिमी अकरा झुरळं घेऊन आत्याकडे गेली. म्हणजे घरीच गेली; कारण पीएच.डी.साठी गाव सोडल्यापासून ती आत्याकडेच राहत होती. सहा वर्षं झाली, घरात तिला 'होणाऱ्या डॉक्टरीणबाई' म्हणत. सुरुवातीला कौतुकाने म्हणायचे, आता सवयीने.

झुरळाला काही शिकवता येतं का, हा चिमीचा विषय. झुरळाच्या जातीला व्हॅनिलाचा वास आवडतो आणि पेपरमिंटचा नावडतो. चिमीने पेपरमिंटच्या वासाबरोबर साखरपाण्याचा थेंब देऊन देऊन अकरा झुरळांना पेपरमिंटच्या नादी लावलं होतं. काचेची एक वाट, पुढे तिला दोन फाटे. एका फाट्याला व्हॅनिला, दुसऱ्याला पेपरमिंट. अडाणी झुरळ व्हॅनिलाकडे जाई, शिकलेलं पेपरमिंटकडे. सोमवारी परीक्षक मंडळ हे बघायला येणार होतं. गेल्या खेपेला झुरळांनी मंडळासमोर फाट्यावर बसून नुसत्या मिशा साफ केल्या होत्या, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी चष्मा पुसत सांगितलं होतं, "पुढच्या वेळी हलली नाहीत, तर विषय बदला." सहाव्या वर्षी विषय बदलायचा म्हणजे पोहत काठाला लागलेल्या माणसाला 'तो नव्हे, पलीकडचा काठ' म्हणून सांगायचं.

आता आत्याचं घर. त्या घरात धूळसुद्धा पाय पुसून येते अशी ख्याती होती. "माझ्या घरात झुरळ औषधाला सापडणार नाही," हे वाक्य आत्या पाहुण्यांना पाण्याच्या पेल्याबरोबर द्यायची. त्यामुळे चिमीने डबा आणला तेव्हा तोंडही मोजूनमापून उघडलं.

"काय गं ते?"

"नमुने आहेत आत्या. कामाचे."

"असू दे. बिनकामाचा एक घरात आहेच," आत्या म्हणाली, आणि समोरच्या वर्तमानपत्राने पान उलटलं. वर्तमानपत्रामागे आतोबा होते.

डबा म्हणजे प्लॅस्टिकची खोल बादलीच. तळाशी झुरळांना लपायला अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे, तोंडाला जाळी, आणि आतल्या काठाला बोटभर रुंद व्हॅसलीनचा पट्टा. झुरळ भिंत चढतं, छत चढतं, पण व्हॅसलीनवर त्याचा पाय ठरत नाही. झुरळं पाळणाऱ्यांची सगळी भिस्त त्या पट्ट्यावर असते. चिमीने डबा आपल्या खोलीत ठेवला आणि ती काचेची वाट आणायला पुन्हा कामावर गेली.

परत येऊन बघते तो डबा आरशासारखा चमकत होता, आणि जाळी दोरीवर वाळत होती.

"आत्या," चिमी अगदी हळू म्हणाली, "डब्याच्या काठाला तेलकट काहीतरी होतं."

"होतं ना. मेलं किती चिकट. साबण लावून दोनदा पुसलं. शिकलेल्या मुली तुम्ही, पण डबा धुवायचा म्हणून नाही."

"आणि आत काय होतं ते पाहिलंस?"

"अंड्यांचे ट्रे. त्यात काय पाहायचं?"

चिमी पलंगावर बसली आणि तिने सांगून टाकलं. आत्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली, न्हाणीघरात गेली आणि फवाऱ्याचा डबा घेऊन बाहेर आली. चिमी दारात आडवी उभी राहिली.

"आत्या, तू ती मारलीस तर माझी सहा वर्षं गेली."

"आणि नाही मारली तर माझी तीस वर्षं गेली. वरच्या वहिनींना एक जरी दिसलं ना, तर सगळ्या जिन्यात दवंडी होईल."

"एक संध्याकाळ दे मला. सगळी धरते."

"नावानिशी ओळखतेस का त्यांना?"

"पाठीवर पांढरा ठिपका आहे प्रत्येकाच्या."

"अहो, ऐकलंत का? शृंगार करून आणलीयेत," आत्या वर्तमानपत्राला म्हणाली.

अखेर तह झाला. काचेच्या बरण्या घेतल्या, आतून व्हॅसलीन लावलं, तळाशी पाव भिजवून ठेवला. आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही, अशी योजना. एक बरणी ओट्याखाली, एक न्हाणीघरात. तिसरी चिमी आतोबांच्या कपाटामागे सरकवायला निघाली, तेव्हा वर्तमानपत्र पहिल्यांदाच खाली आलं.

"तिथे कशाला? तिथे काही नसतं."

"राहू दे गं, त्यांचं कपाट आहे ते," आत्याही म्हणाली. जी बाई पाहुण्याच्या चपलेचा तळवा पुसते, ती एका कपाटाला अभय देते, याचं एरवी चिमीला नवल वाटलं असतं. पण तिच्या डोक्यात तेव्हा फक्त मिशा वळवळत होत्या. तिने बरणी सरकवलीच.

झुरळांना अंधार लागतो, म्हणून पडदे ओढले, दिवे घालवले आणि तिघं सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. तेवढ्यात बेल वाजली. वरच्या वहिनीच त्या. विरजण मागायला आल्या होत्या, पण वाटी पुढे करायच्या आधी मान आत आली.

"अंधार का हो?"

"यांचं डोकं दुखतंय," आत्या म्हणाली. आतोबांनी आज्ञाधारकपणे कपाळ धरलं.

"अगंबाई. पण मघाशी तर चिमी काहीतरी धरते, धरते असं म्हणत होती. जिन्यात ऐकू आलं."

"डोकंच धरते म्हणाली. यांचं."

वहिनींना ते पटलं नसावं. विरजण घेऊन त्या वळल्या आणि चिमीने पाहिलं, त्यांच्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधोमध, एक झुरळ बसलं होतं. बसलं होतं म्हणजे हवा खात होतं. दोन पावलांत वहिनी उजेडाच्या जिन्यात जाणार होत्या. चिमीने धावत जाऊन त्यांना मिठी मारली.

"काकू, किती दिवसांनी आलात."

"अगं, सकाळीच तर भेटलो कचरा टाकताना."

"तरी," चिमी म्हणाली आणि पाठीवरून मायेने हात फिरवून तिने मूठ मिटली. वहिनी डोळे पुसत वर गेल्या. त्यांना सख्ख्या सुनेनेही कधी असं धरलं नव्हतं.

चिमीने मूठ उघडली. ठिपका नव्हता. फटीतून घुसताना घासून गेला असेल, तिने स्वतःची समजूत घातली.

बरण्या उचलायच्या वेळी मात्र समजूत पुरेना. ओट्याखाली तीन, न्हाणीघरात दोन, आणि कपाटामागची बरणी तर गच्च भरलेली. तिथे कुठला सोहळा चालला होता देव जाणे. गेली होती अकरा, आली एकोणीस. ठिपका एकाच्याही पाठीवर धड नव्हता.

"सगळी तुझीच," आत्या म्हणाली.

"अगं, माझी अकरा होती."

"मग व्याली असतील."

"दुपारपासून?"

"तुमच्या त्या विज्ञानात काय होईल ते सांगता येत नाही. माझ्या घरात झुरळ नाही, एवढं मला कळतं."

चिमीने वाद घातला नाही. तिच्याकडे वादापेक्षा पक्कं साधन होतं. तिने जेवणाच्या टेबलावर काचेची वाट मांडली, एका फाट्याला व्हॅनिला ठेवला, दुसऱ्याला पेपरमिंट. "आता दूध का दूध होईल. शिकलेली माझी, अडाणी तुझी."

"टेबल नंतर धुवायचं," आत्या म्हणाली आणि मांडीवर फवारा घेऊन पंचासारखी बसली.

पहिलं झुरळ सुटलं, फाट्यावर क्षणभर थबकलं, पेपरमिंटकडे गेलं. दुसरंही गेलं. आठव्यापर्यंत चिमी खुशीत होती. बाराव्याला तिचं तोंड उतरलं. एकोणिसावं तर थबकलंसुद्धा नाही. घरी जायला उशीर झालेल्या कारकुनासारखं सरळ पेपरमिंटकडे चालतं झालं.

"बघ," आत्या उठत म्हणाली. "सगळी तुझीच."

चिमी खुर्चीत तशीच बसून राहिली. एकोणिसातली निदान आठ तरी तिची असणं शक्य नव्हतं. मग न शिकवलेली झुरळं जर आपण होऊन पेपरमिंटकडे जात असतील, तर तिने इतकी वर्षं झुरळांना शिकवलं काय? माशांना पोहायला शिकवण्याचा वर्ग चालवल्यासारखं झालं ते. सोमवारी मंडळापुढे हेच सांगावं लागणार होतं. तिचे डोळे भरून आले. आत्या टेबल पुसायचं फडकं आणायला आत गेली, तसे आतोबा खाकरले.

"चिमे, जरा बाल्कनीत ये."

बाल्कनीचं दार लावून आतोबांनी आधी मागे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग खिशातून चुरगळलेला कागद काढला. त्यातून पेपरमिंटचा घमघमाट आला.

"डॉक्टरांनी साखर बंद केलीय ना मला. तेव्हापासून कपाटामागे पुडी असते. दुपारी ती झोपली की एक गोळी. कधी अर्धी पडते, कधी कागद तिथेच राहतो."

चिमी त्यांच्याकडे बघतच राहिली. वासाबरोबर साखर. रोज, ठरल्या वेळी, न चुकता. तिने प्रयोगशाळेत केलं तेच आतोबांनी कपाटामागे केलं होतं, तेही कुठलंही अनुदान न घेता.

"आतोबा, हे मला सोमवारी सांगावं लागेल. नाहीतर माझा प्रबंध बुडतो."

"तुझा प्रबंध आहे, माझा संसार आहे."

"नाव नाही घेणार तुमचं. 'कुटुंबातील एक ज्येष्ठ सदस्य' म्हणेन."

"घरात ज्येष्ठ आहेत कितीजण?" आतोबा म्हणाले, पण पुडी त्यांनी तिच्या हातात दिली. पुरावा म्हणून.

सोमवारी मंडळ बसलं. चिमीने एकोणीस झुरळं सोडली, एकोणीसही पेपरमिंटला गेली. बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा पुसला. "पण यांना मुळातच पेपरमिंट आवडत नसेल कशावरून? एखादं साधं झुरळ दाखवा." चिमीच्या गाइड मॅडमनी कँटीनमधून एक मागवलं. इमारतीत परवाच फवारणी झाली होती, त्यामुळे ते लगेच मिळालं आणि चांगलं ताजंतवानं होतं. ते डुलत डुलत व्हॅनिलाकडे गेलं. मग चिमीने पुडी टेबलावर ठेवली आणि नाव न घेता सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे त्या गृहस्थांना आपण शिकवतोय हे ठाऊकच नव्हतं?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर."

"उत्तम शिक्षक असेच असतात," ते म्हणाले आणि गाइड मॅडमकडे बघून हसले. "घरातलं हे सगळं प्रबंधात शेवटचं प्रकरण म्हणून घाला. लिहायला घ्या आता."

चिमी घरी आली ती तरंगतच. आतोबा दारातच वाट बघत होते. त्यांना बाजूला घेऊन ती कुजबुजत म्हणाली, "झालं. साखरेने वाचवलं मला."

"कसली साखर?" आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. त्या घरात भांडी लख्ख होती, तसेच आत्याचे कानही.

आत्या हात पुसत बाहेर आली.

"त्या पुडीतल्या गोळ्यांचं म्हणताय का? त्यात कुठली साखर? पाच वर्षं झाली, मी बदलते त्या. औषधाच्या दुकानात बिनसाखरेच्या मिळतात, अगदी तशाच दिसतात. यांचा डोळा लागला की पुडी भरून ठेवते."

आतोबा हळूच सोफ्यावर बसले. "तुला माहीत होतं?"

"तीस वर्षं संसार केला. कपाट काय, तुमचा खिसासुद्धा मला पाठ आहे."

"मग बोलली नाहीस ती?"

"बोलले असते तर दुसरीकडे कुठेतरी लपवल्या असत्या, खऱ्या साखरेच्या." आत्याने सोफ्यावरची न पडलेली धूळ झटकली. "म्हणून तर तिथे झाडू घातला नाही कधी. जागा चकचकीत दिसली असती तर तुम्हाला कळलं नसतं का? सगळ्या घरात तेवढा एक कोपरा सोडला मी. तिथे झुरळं झालीत हे मला दिसत नव्हतं असं वाटलं की काय तुम्हाला?"

त्या बाईने आयुष्यात दिलेला हा एवढा एकच कबुलीजबाब. आतोबांनी चष्मा काढला आणि उगीचच काच पुसत बसले.

चिमी मात्र वेगळ्याच कारणाने भिंतीला टेकली होती. "आत्या, पाच वर्षं? नक्की?"

"नक्की."

"झुरळ जगतं फार तर दीड-दोन वर्षं," चिमी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "म्हणजे घरच्या झुरळांपैकी एकानेही साखर चाखलेली नाही. मग ती पेपरमिंटकडे जातात कशाला?"

"आता ते मी कसं सांगू? शिकलेली तू," आत्या म्हणाली.

चिमीने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. शेवटचं प्रकरण लिहून झालं असतं, पदवी मिळाली असती, आणि जन्मभर कपाटाकडे बघताना मान खाली घालावी लागली असती. तिने गाइड मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग मॅडम काहीतरी म्हणाल्या, आणि चिमीने "हो मॅडम" म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" आत्याने विचारलं.

"म्हणाल्या, फारच छान प्रश्न आहे."

"मग चांगलंच झालं की."

आतोबांनी मात्र सहा वर्षं चिमीला जवळून पाहिलं होतं आणि तिच्या गाइडबद्दल ऐकलं होतं. या वाक्याचा अर्थ आणखी दोन वर्षं असा होतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खिशात हात घातला आणि बायकोच्या देखत, पहिल्यांदाच उघडपणे, एक गोळी चिमीच्या हातावर ठेवली.

चिमीने ती तोंडात टाकली. गार होती, गोडही होती. साखर मात्र खरंच नव्हती.