निंबार्ते गुरुजींचा झाकलेला डोळा

भर उन्हात एक डोळा तळहातानं झाकून बाजारातून येणारा माणूस दिसला, की मी दुकानात कपाळावर हात मारून घ्यायचो. निंबार्ते गुरुजी! शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. नव्या माणसाला वाटायचं, डोळे आले असतील. आमच्या पवनी गावची पोरं म्हणायची, "गुरुजी डोळा मुरवून राहिले."

माझं दोर-सुतळीचं दुकान. बापानं मागं एक दावंसुद्धा ठेवलं नव्हतं. डोक्यावर दोराची भेंडोळी वाहून मी ते उभं केलं. आणि मुद्दाम अंधारं ठेवलं. आता धंदा सोडलाय, म्हणून सांगतो. उन्हातून आत आलेल्या माणसाला दहा मिनिटं धड काही दिसत नाही. तेवढ्यात मी भाव सांगायचो, घासाघीस करायचो आणि माल बांधून हातात द्यायचो. उंदरांनी कुरतडलेलं चऱ्हाट, ओल लागलेली सुतळी, सगळं त्या दहा मिनिटांत खपायचं.

गुरुजी मात्र उंबरा ओलांडला की हात खाली घेत आणि अंधाराला आधीच सरावलेल्या त्या झाकलेल्या डोळ्यानं थेट कोपरा गाठत. "सेठ, त्या चऱ्हाटाले उंदीर लागला न जी!"

एवढ्यावर थांबते तर सोसलं असतं. पण ते गिऱ्हाइकांचा वर्ग घेत. एकदा माझीच सुतळी उलगडून बसले. "डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी. मधातल्या उजेडाच्या. तेथं एकेकीले सोताची तार, म्हणून बारीक दिसते. कडेच्या अंधाराच्या. त्या शंभर जणी वर्गणी करतात अन् एका तारेत टाकतात." त्यांनी वीसेक दोऱ्यांची एक गाठ मारली. "म्हणून अंधारात उंदीर दिसते, त्याच्या मिशा दिसत नाही. अन् उन्हातून आल्यावर ह्या वर्गणीवाल्या लवकर जाग्या होत नाहीत. घाई करू नोका. बसा. सेठ पाणी पाजतीन."

गिऱ्हाइकं बसू लागली. पाणी पिऊ लागली. मग माल पाहू लागली! तो राग माझा आजही गेलेला नाही.

"अन् मजा पाहा," गुरुजींचं चालूच, "ह्या पेशी अंधारात बोलत राह्यतात, उजेड पडला का चूप."

"मग तुमच्यासारख्या नाहीत," मी म्हणालो. "तुमी दोन्हीत बोलता."

ते खूष होऊन हसले. अपमान त्यांना लागतच नसे. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठा त्रास नाही.

सन पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. माझी बायको शेवंता सात महिन्यांची पोटुशी होती. सांजेला दुकानात चहा घेऊन आली आणि भेंडोळ्याला अडखळली. कप फुटला. "डोळे फुटले का तुये?" मी ओरडलो. त्या महिन्यातली ती तिसरी आदळआपट.

गुरुजी तिथंच होते. ती गेल्यावर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "सेठ, वहिनी अंधारात घडीभर बसल्या तरी चाचपडतात. मी पाहून राहिलो. रातांधळेपणा असन."

"माह्या बायकोले आंधळी म्हणता? उतरा दुकानाखाली!"

ते उतरले नाहीत. "सौदा करा. मी चुकलो तर तुमच्या गिऱ्हाइकासमोर पुन्हा तोंड उघडणार नाही."

इतका फायद्याचा सौदा मला जन्मात कुणी देऊ केला नव्हता. मी तिथल्या तिथं हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार ओढून आम्ही तिघं आत बसलो. फटीतून येईल तेवढाच उजेड. गुरुजींनी जमिनीवर सुतळीचे गुंडे मांडले. पंधरा-वीस मिनिटांत मला ते राखाडी दिसू लागले.

"पाच," मी म्हणालो.

"वहिनी?"

शेवंता जमीन चाचपू लागली. मी तिच्या तोंडासमोर हात हलवला. तिची पापणीही हलली नाही.

"दिवस बुडला का मले काहीच दिसत नाही जी," ती म्हणाली. "दोन महिने झाले."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी रागावता."

सौदा हरलो की मी भांडतो. त्या दिवशी मी जमिनीवरचे गुंडे गोळा करत बसलो.

"तार शाबूत आहे," गुरुजी घाईनं म्हणाले. "पेशीले रंग लागते, तो खाण्यातून येते. तो कमी पडून राहिला. दवा आहे याले." सकाळच्या बसनं तेच आम्हाला भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. माशाच्या तेलाच्या गोळ्या मिळाल्या. वर गुरुजी रोज शेवग्याचा पाला, पपई दारात आणून ठेवत. पैशाचं नाव काढलं की पाठ फिरवत.

वीसेक दिवसांनी, दिवे लागायच्या आधी शेवंता माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या सदऱ्याची गुंडी तुटली."

मी तसाच, तुटक्या गुंडीचा, गुरुजींच्या खोलीवर गेलो. चुलीवर एकापुरता भात रटरटत होता. आभार मानायची मला सवय नाही. "कसं ओळखलं तुमी?" एवढंच विचारलं.

"माही माय कोंढ्याले राहे," गुरुजी भात ढवळत म्हणाले. "सांजच्याले ताट चाचपत जेवे. मी नवा मास्तर, शिकलेला! म्हणो, 'माये, सांडून काहून राहिली?' ती हासे. हे सारं पुस्तकात वाचलं, तवा तिले जाऊन वरीस झालं होतं."

भात शिजला तरी ते ढवळतच राहिले.

"उद्यापासून रोज आमच्याकडं जेवाले या," मी म्हणालो.

"रोज कायले? महिन्यातून एक डाव येईन."

"रोज."

"आठवड्यातून एक."

"सहा."

"दोन. तुमाले तरास होते, सेठ."

आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा वर ओढत होतो आणि समोरचा खाली. शेवटी चारवर सौदा पटला. ठरले चार दिवस, आणि महिन्याभरात गुरुजी सातही दिवस यायला लागले. त्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.