नानांच्या कानातला ट्रकवाला

धाकटी लेक कामावरून आली, चपला काढून आपल्या खोलीत गेली, आणि स्वयंपाकघरात चहा पीत बसलेल्या नानांच्या डोक्यात कुणीतरी गिटार वाजवत रडायला लागलं.

"कोण गातंय गं?" नानांनी कप खाली ठेवला.

"कुठं कोण गातंय?" धाकटीची आई म्हणाली. "चहा घ्या गुमान."

नाना म्हणजे जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. गुडघे गेले, दात गेले, कानाला यंत्र आलं. पण डोकं शाबूत, एवढ्या एका गोष्टीवर ते ताठ मानेनं जगत होते. त्यांनी घाबरत यंत्र काढून पाहिलं. गाणं थांबलं. पण पंख्याचा आवाजही थांबला आणि आईचाही. म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही.

खरं तर गोष्ट साधी होती. नानांचा फोन जुनापुराणा, म्हणून यंत्राच्या दुकानातल्या बाईंनी आवाज कमीजास्त करायला ते आदल्याच दिवशी धाकटीच्या फोनला जोडून दिलं होतं. पुढं काय होणार याची कल्पना धाकटीलाही नव्हती. ती खोलीत इअरफोन घालून बसली होती आणि तिच्या कानात चिटपाखरूही बोलत नव्हतं.

धाकटीला कंट्री म्युझिकचं, म्हणजे अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या विरहगीतांचं वेड शाळेपासूनचं. खालच्या शिंप्याच्या रेडिओवर ती गाणी लागायची आणि ही दप्तर घेऊन दारातच उभी राहायची. बायको सोडून जाते म्हणजे काय हे कळायच्या आधीच तिला त्या ट्रकवाल्यांसाठी रडू यायचं. एकदा नानांनी तिला घरात गुणगुणताना पकडलं. "ही दारुड्यांची रडगाणी परत ऐकू आली ना, तर याद राख!" तेव्हापासून सगळं चोरून. आता ती स्वतः कमावत होती, पण नाना नुसते खाकरले तरी अजून तिचा हात फोनवर जायचा.

दुसऱ्या दिवशी ती घरात शिरली आणि नानांच्या डोक्यात गिटार सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही तेच. नानांना आता तिचीच भीती वाटू लागली. दाराची कडी वाजली की ते उठून गॅलरीत जायचे आणि मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणायचे. पाढा चुकला नाही की जरा धीर यायचा.

"आई, नाना मला बघून पळतात," धाकटी कुजबुजली. "त्यांना काही कळलंय का गं?"

"काय कळायचंय?"

"काही नाही," असं म्हणून ती घाईघाईनं खोलीत गेली. इअरफोन घरी आले की मुके व्हायचे. वैतागून तिनं आवाज पार शेवटापर्यंत वाढवला.

गॅलरीतून किंकाळी आली. नाना दोन्ही कान धरून आत आले आणि भिंतीला टेकून बसले. "अगं, तो ओरडतोय! बायकोच्या दारात ट्रक लावून बसलाय! मला वेड लागलंय गं. मुलीला सांगू नकोस."

आईनं दोघांनाही तसंच उठवलं आणि यंत्रवाल्या बाईंकडे नेलं. बाईंनी यंत्र उलटंपालटं केलं, धाकटीचा फोन पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचं डोकं ठणठणीत आहे. हिच्या फोनवरची गाणी तुमच्या कानात येतायत."

नाना सावकाश धाकटीकडे वळले. तिचा हात फोनवर गेला. इतकी वर्षं जपलेलं बिंग, आणि फुटलं तेही थेट त्यांच्याच कानात.

बाईंनी जोडणी तोडून दिली. परतताना बसमध्ये नाना खिडकीशी बसले आणि धाकटी शेजारी अंग चोरून. आपला थांबा जवळ आला तसे नाना खाकरले. ती दचकली.

"तो ट्रकवाला," नाना बाहेर बघतच म्हणाले. "दारात थांबलेला. बायकोनं उघडलं का शेवटी दार?"

धाकटीला कळेना, काय उत्तर दिलं तर कमी ओरडा बसेल. "नाही, नाना. तो तसाच निघून जातो. तिथंच संपतं गाणं."

नानांनी रुमाल काढून नाक पुसलं.

"मूर्ख आहे लेकाचा," ते म्हणाले. "बेल तरी वाजवायची."