हात दाखवा, बाई

आमच्या पूर्णेतले सोपानराव कुणाला नमस्कार करत नाहीत. समोरच्याचा हात धरतात, पंजाच्या मागच्या बाजूला अंगठा दाबतात आणि सुजेचा खड्डा राहतो का ते बघतात. एका साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाच्या बापाचा हात असाच दाबून धरला. त्याला वाटलं, मानपानाचं काहीतरी राहिलं. "खड्डा भरायलाय. काळजी न्हाई," म्हणाले आणि जेवायला बसले.

माणूस रेल्वेतला रिटायर चावीवाला. जन्मभर रूळ तपासत, सैल झालेल्या चाव्या ठोकत चालला. आता रीतसर परीक्षा देऊन ॲक्युपंक्चर करतो. आमच्या शेजारीच राहतो, एकटा.

मला त्यांची गरज पडेल असं वाटलं नव्हतं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या आणि डावा हात सुजायला लागला. अंगातलं लसिकेचं पाणी गाठी काढल्यावर अडतं, असं डॉक्टर म्हणाले. घट्ट बाही घालायला दिली, मालिश शिकवलं. सोपानरावांनी कुंपणावरूनच सूज हेरली. "हात दाखवा, बाई."

हात दाखवून अवलक्षण, मी मनात म्हटलं. तरी दाखवला.

आधी त्यांनी डॉक्टरांना विचारून यायला लावलं. "डॉक्टरचं ते शेत, आपला जोडधंदा. शेत पडीक ठेवून जोडधंदा करायचा न्हाई." मग सुया लावल्या त्या उजव्या हाताला आणि पायांना. मी मास्तरीण, जन्म पोरांना डावं-उजवं शिकवण्यात गेला. म्हटलं, "अहो, सुजलाय तो डावा."

"तुंबलेल्या हाताला टोचायचं न्हाई." एवढं बोलून त्यांनी पुढची सुई पायाला लावली.

दर आठवड्याला ते माझा हात दोरीनं मोजत. हळूहळू हात हलका वाटू लागला. बाहीनं, मालिशनं की सुयांनी, देव जाणे. विचारलं तर म्हणायचे, "सूज उतरायलीय ना? मग शेताचं नाव घ्या, जोडधंद्याचं न्हाई."

लेकीच्या लग्नात कासारीण बांगड्या भरायला आली. मला दोन्ही हात भरून हिरवा चुडा हवा होता. ऑपरेशननंतर तेवढी एकच हौस धरून बसले होते. उजवा भरला. डावा पुढं केला, तर सोपानराव आडवे आले. "त्या हातात काच न्हाई. चरा पडला तर तापानं फणफणाल."

चारचौघींत मला रडूच कोसळलं. "तुम्हाला काय कळतंय बाईच्या हौसेतलं?" असं बोलून गेले. ते तसेच घरी गेले, आणि मला माझीच लाज वाटली.

परत आले ते कागदाची पुडी घेऊन. आत एकच हिरवी बांगडी, लाखेची, वाटीच्या तोंडाएवढी.

"आमच्या मंडळीचा हात असाच सुजला होता. पुस्तक बघून मीच टोचलं, सुजल्या हाताला. लालभडक झाला, ताप भरला. दवाखान्यात बांगड्या वाढवाव्या लागल्या." फोडल्या म्हणाले नाहीत, वाढवल्याच म्हणाले. "मग हैदराबादहून ही सैल आणली. तवर ती गेली."

ती कॅन्सरनं गेली, सुईनं नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांना मात्र कधी पटलं नाही.

कासारणीनं बांगडी चढवली. कुठंही न टेकता मनगटावर आली. आता अंगठा दाबतील म्हणून मी हात तसाच धरून ठेवला. त्यांनी दाबला नाही. बांगडी आणि मनगटाच्या मधून हळूच एक बोट फिरवलं.

"जागा हाय," म्हणाले.