ॲशवाडीकरांचं देवक

कदममामांच्या दारात आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचे. आडनाव काय? गाव खंयचो? देवक काय? एकदा गॅसवाला खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन उभा आणि मामा त्याला शांतपणे विचारतायत, "तुमच्या गावात झाडां खंयची?" त्या बिचाऱ्यानं आंबा, जांभूळ, मोह असं सगळं सांगून टाकलं, तेव्हा कुठे त्याला आत घेतलं.

घाटकोपरला भटवाडीत आम्ही शेजारी. ऐंशीनंतरची ती वर्षं. मामांची गिरणी संपात गेली ती परत उघडलीच नाही, त्यामुळे मामा दिवसभर दारातच. मला आडनाव विचारणाऱ्यांची मुळातच चीड. आम्ही बौद्ध, आडनाव ऐकून माणसं मनात काय हिशेब करतात ते आम्हांला पाठ आहे. पहिल्याच दिवशी मी फाडकन म्हटलं, "कांबळे. पुढे बोला." मामा खरंच पुढे बोलले. "ता ऱ्हवांदे गो. गाव खंयचो?" साताऱ्याकडचं गाव सांगितलं, तर विहिरीवर झाड कुठलं ते विचारलं. उंबर म्हटल्यावर माणूस एकदम खूश. त्यानंतर रोज सकाळी त्यांच्याकडून चहा यायला लागला, आणि मी कितीही रागावायचं ठरवलं तरी जमेना.

आता हे देवक काय ते सांगते. आमच्याकडे ते आजोबांच्या काळातच सुटलं, पण मामांनी इतक्यांदा सांगितलंय की मी परीक्षा देऊ शकेन. देवक म्हणजे घराण्याचं झाड. कदमांचं कळंब. लग्नाच्या वेळी दोन्हीकडचे आईवडील आपापल्या झाडाची डहाळी पूजून घरात बसवतात, मगच पुढचं कार्य. आणि मुलाचं देवक तेच निघालं तर लग्नच होत नाही, कारण मग दोघं एका झाडाची, म्हणजे भावंडं.

गोची अशी झाली होती की मामांची मुलगी शोभा नर्स म्हणून इंग्लंडला गेली आणि तिकडेच एका ॲशवर्थ नावाच्या गोऱ्याशी कचेरीत सह्या करून मोकळी झाली. त्याला तीन-चार वर्षं झाली होती. मामींनी रडून घेतलं आणि सोडून दिलं. मामांनी सोडलं नाही. शोभाचा ट्रंककॉल खालच्या केमिस्टकडे आला की मामी धावायच्या, मामा पायरीवर बसून राहायचे. आता डिसेंबरात दोघांनी यायचं म्हटलं, तर मामांनी सरळ सांगितलं, "आधी घराण्याची चौकशी. मगे उंबरठो."

"अहो, लग्न होऊन बसलंय," मी म्हटलं. "आता कसली चौकशी?"

"चेडवाक खंयच्या घरात दिलंय, ता माका कळूक नको? आणि देवक एकच निघाला तर?"

"गोऱ्याचं देवक कळंब निघेल?"

"तू बघितलंस?"

मी काय बघणार, कपाळ. पण मामींनी माझा हात धरला. त्या म्हणाल्या, "तू लायब्ररीत आहेस ना गं? शोध काहीतरी. नाहीतर हा माणूस पोरीला दारातनं परत पाठवेल." मी घाटकोपरच्या एका कॉलेजात लायब्ररीत होते. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. फोर्टात एका जुन्या लायब्ररीत इंग्रजी आडनावांचं जाडजूड पुस्तक आहे असं कळलं, तर शनिवारी अर्धी रजा टाकून गेले. म्हटलं, पाच मिनिटांत पान सापडेल आणि सुटेन. कसली सुटतेय. बेकर कुठून आला, हिल कुठून आला, वाचत संध्याकाळ झाली. मामांचा रोग मलाही लागला होता.

रात्री मामांच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. ॲश हे तिकडचं एक झाड.

मामा ताठ बसले. "झाड?"

"झाड. आणि वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जमीन, त्यातलं घर. उत्तर इंग्लंडात, लँकेशायरात, त्या नावाची जागाच आहे. डोंगराळ मुलूख, पाऊस भरपूर. तिथून जे बाहेर पडले त्यांना लोक त्या नावानं ओळखायला लागले. गावात राहणाऱ्याला कोण गावाचं नाव लावतो?"

"म्हणजे ॲशची वाडी," मामा म्हणाले. "फणसवाडी, आंबेवाडी, तशी. ॲशवाडीकर. मगे आपल्यासारखोच." आणि मग एकदम, "लँकेशायर? आमच्या गिरणीतले साचे, कापडाचे माग, थंयचे. लोखंडात नाव ओतलेला असायचा. वीस वर्षां त्या नावावरून फडको फिरवलंय."

मामी दारात उभ्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला विचारलं, "ह्या ॲशचा पान कसा असता?" पुस्तकात चित्र होतं, तसं सांगितलं: एका देठाला दोन्हीकडे पानं, कडा करवतीसारख्या. मामा म्हणाले, "कडुनिंब." मी म्हटलं तो वेगळा. मामा म्हणाले, "लांबचो नातेवाईक असात." एवढं बोलून झोपायला उठले. येऊ देत असंही नाही, नको असंही नाही.

शोभा यायच्या दिवशी मामा सकाळीच गायब. मामींचा चेहरा उतरला. टॅक्सी आली, ॲशवर्थराव चौकटीला डोकं आपटता आपटता वाचले आणि दाराबाहेर बूट काढून उभे राहिले, कारण शोभा आत पाऊल टाकेना. "बाबा कुठायत?" एवढंच विचारत होती.

तेवढ्यात मामा जिना चढून आले. हातात दोन डहाळ्या. मुलुंडला कुणाच्या तरी बागेत कळंब होता म्हणे, तिथून आणलेली एक. दुसरी आमच्या नाक्यावरच्या कडुनिंबाची. त्यांनी दोन्ही एकत्र बांधल्या, देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या, हळदकुंकू लावलं, मामींना बाजूला बसवून नमस्कार केला. मग शोभाकडे वळले.

"लग्नात बापाक एकच काम असता गो, देवक बसवूचा. माझा ता रवला होता." त्यांनी हात पुढे केला. "आता ये."

शोभा त्यांच्या गळ्यात पडली. ॲशवर्थराव गोंधळून बघत होते. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं की हे दुसरं झाड तुमचं आहे. आपलं नाव झाडावरून आलंय हे त्या गृहस्थाला ठाऊकच नव्हतं. ते वाकून कडुनिंबाची पानं बोटांनी चाचपत राहिले.

तीन आठवडे राहून दोघं गेली. कार्य झालं की देवक उठवायचं असतं, डहाळ्या विसर्जन करायच्या. मामांनी उठवलं नाही. पानं वाळली, गळली, नुसत्या काटक्या उरल्या. मामी रोज झाडताना कुरकुरायच्या. शेवटी मीच म्हटलं, "मामा, शास्त्र तुम्हीच शिकवलंत. उठवा की आता."

"देवक उठवलंय की लगीन संपला," मामा म्हणाले. "मगे चेडू गेला असा होता. ऱ्हवांदे थोडे दिवस."