राखणदाराचा बल्ब

कृष्णनाथ परबांनी गीझरचा फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात घातला, त्या सकाळपासून सुमंगलाबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. फ्यूज चिनी मातीचा, चांगला मूठभर. त्याच्या वजनाने खिसा एका बाजूला ओढला जाई आणि कृष्णनाथ अधूनमधून वरून चाचपून तो जागेवर आहे ना, याची खात्री करून घेत.

कारण विजेचं बिल. पेडण्याकडच्या त्या गावात बिल सगळ्यांनाच येत होतं आणि सगळेच दोन शिव्या हासडून भरत होते. कृष्णनाथांना मात्र शिव्या देऊन समाधान होत नसे. त्यांची सगळी नोकरी फेरीबोट चालवण्यात गेली. या काठावरून सोडलेली बोट समोरच्याच काठाला लागायची, हा त्यांचा आयुष्याचा हिशेब. वीज घरात येते आणि मग नेमकी कुठे जाते, हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागेना.

मग घरात तपास सुरू झाला. जुने दिवे गेले, एलईडी आले. फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, कारण त्याच्या पाठीला वारा लागला पाहिजे. फ्रीजच्या दारात कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा. सहज निघाला तर रबर सैल. हा प्रयोग त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला करून दाखवला. टीव्ही रिमोटने बंद करणाऱ्याला घरात माफी नव्हती, बटण भिंतीवरचं पाडायचं. इथवर सुमंगलाबाईंनी सगळं हसत चालवून घेतलं. पण गीझर बंद झाला आणि न्हाणीतलं जुनं तांब्याचं भाण पुन्हा चुलीवर चढलं, तेव्हा त्यांचं हसू आटलं. रोज पहाटे नारळाची सोडणं आणि माडाची सुकी चुडतं पेटवायची, धुरात डोळे चोळायचे, आणि घागरभर गरम पाण्यासाठी वाकून बसायचं.

"तुमी वीज वाचवा, माझा काय म्हणणा नाय," त्या म्हणाल्या. "पण भाणाकडे फुंकणी घेऊन बसतला कोण, ता पण सांगा."

पुढच्या बिलानंतर बघू, कृष्णनाथ म्हणाले.

पुढचं बिल कमी आलं, पण त्यांच्या मनासारखं कमी आलं नाही. तेव्हा त्यांनी एका सकाळी मेन स्विचच पाडला. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला. घर एवढं शांत झालं की परसातल्या कोंबड्या आत येऊन बघून गेल्या. आणि बाहेर मीटरवरचा लाल दिवा आपला टिकटिक डोळा मारतच होता.

कृष्णनाथांना राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. घरात एकही वस्तू चालू नाही आणि तरी वीज कुठेतरी चालली आहे, म्हणजे तिसरा काठ आहे. त्यांनी शिडी लावली. मीटरपाशी, मेन स्विचच्या अलीकडेच, एक काळी वायर जोडलेली होती. ती कौलांखालून गेली होती, गोठ्याच्या आढ्यावरून परसात उतरली होती आणि माडामाडाला बांधत पुढे निघाली होती. कृष्णनाथ मान वर करून तिच्या मागोमाग चालत राहिले. दोनदा ठेच लागली, पण त्यांनी नजर काढली नाही.

वायर थांबली ती ओवळीच्या झाडाखाली, गावाच्या राखणदार देवाच्या छोट्या घुमटीपाशी. आत नारळ, उदबत्त्यांच्या काड्या, कोणी ठेवलेली विडी. वर जुना पिवळा, शंभर वॉटचा बल्ब, भर उन्हात ढणढण जळत होता.

हा बल्ब त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता. सगळ्या गावाने पाहिला होता. उडाला की वाटेवरचा कोणीतरी नवा बसवी, आणि वीज पंचायतीची असणार असं प्रत्येकजण धरून चाले. आता त्यांना आठवलं. त्यांना फेरीबोटीवर नोकरी लागली त्या वर्षी वडिलांनी राखणदाराला नवस फेडला होता. काय फेडला हे मात्र वडील त्यांना कधी बोलले नाहीत. बटण त्यांनी मुद्दामच ठेवलं नसणार. बटण असलं की कोणीतरी बंद करतो. आपला मुलगा रोज पाण्यावर जातो म्हणून बापाने इथे अखंड उजेड बांधून ठेवला होता, आणि तो मुलगा आज वॉट मोजायला आला होता. त्यांना भरून आलं. डोळे पुसून झाल्यावर मात्र नजर पुन्हा बल्बकडे गेलीच.

नवस तोडायचा नाही, हे पक्कं. पण नवस उजेडाचा होता, शंभर वॉटचा नव्हता, असा युक्तिवाद पेडण्याच्या बाजाराला जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी स्वतःशी केला. दुकानदाराने त्यांना हालचालीवर चालणारा बल्ब दाखवला. खोक्यावर चित्रच होतं, चालणारा माणूस आणि त्याच्या डोक्यावर पेटलेला दिवा, बाजूला सूर्य आणि विझलेला दिवा. काळोखात कोणी हललं की पेटतो, हालचाल थांबली की थोड्या वेळाने विझतो, आणि आजूबाजूला उजेड असेल तर पेटतच नाही. कृष्णनाथांना तो बल्ब आपल्यासारखाच समंजस वाटला.

दुपारी सगळे निजल्यावर त्यांनी बल्ब बदलला आणि चपला काढून गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, माझ्या बापाशीन तुका उजेड दिल्यान, तो मी काढूक नाय. दिवसाउजेडी तुका बल्ब कित्याक, ह्या तुकाच ठावक. म्हणान जरा नव्या पद्धतीचो लावतंय. काय चुकला तर सांभाळून घे रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला मागून "होय म्हाराजा" म्हणणारं कोणीतरी लागतं. कोणी नव्हतं, म्हणून तेही त्यांनीच म्हटलं.

घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. गावात राखणदाराच्या घुमटीतली वात बदलायची तरी देवळातल्या मानकऱ्यांना विचारावं लागतं. इथे तर त्यांनी वडिलांच्या नवसाची काटकसर केली होती. उद्या हे उघड झालं असतं तर वाटेवर तोंड दाखवायची सोय राहिली नसती. बल्बचं रिकामं खोकं त्यांनी न्हाणीतल्या सोडणांच्या ढिगात खोल खुपसलं. सकाळी जळून जाईल, पुरावा संपेल.

त्याच दिवशी दिवेलागणीला शेजारची जानकी दूध घालून परत येत होती. घुमटीपाशी काळोख बघून ती बिचकली, आणि तिने पाऊल पुढे टाकताच लख्ख उजेड पडला. राखणदार रात्रीचा हातात दिवटी घेऊन गावाची राखण करत फिरतो, हे जानकीला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"मी थंय पाय ठेवलंय मात्र, राखणदारान दिवटी लावल्यान," ती घरोघर सांगत सुटली. "उभी रवलंय, तसो उजेड गेलो. हात जोडलंय, परत पेटलो."

दुसऱ्या संध्याकाळी वाटेवर माणसं होती. तिठ्यावर उंडे, म्हणजे गोल पाव, आणि सोडा विकणारा गोकुळदास भाटातल्या बागायतीतली काजूची कलमं विकावीत का, या विचाराने महिनाभर हैराण होता. त्याने घाबरत घाबरत ते राखणदारालाच विचारलं आणि भीतीने दगडासारखा उभा राहिला. उजेड आला नाही. कलमं विकायची नाहीत, असं ठरलं आणि त्याच्या बायकोने तिथेच साष्टांग नमस्कार घातला. लगेच उजेड आला. राखणदार कौल देतो, ही बातमी मग शेजारच्या गावात पोचायला वेळ लागला नाही.

कृष्णनाथ घरच्या जनेलातून हे सगळं बघत असत. अपराधी वाटत होतं, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. चार दिवसांत त्यांना कौलाचं शास्त्र समजलं. ज्याचा नमस्कार ऐसपैस, त्याला होकार. संकोची माणसाला नकार. कडेवर पोर असलेल्या बाईला काहीही विचारलं तरी होकारच, कारण पोर गप्प राहत नसे. एका तरुणाने मुंबईला जाऊ का, म्हणून विचारलं आणि नेमका डास चावला म्हणून दंडावर चापटी मारली. तो गेला मुंबईला. कृष्णनाथांना त्याची फार काळजी वाटली.

गर्दी वाढली तसा गोकुळदासने तिथे भज्यांचा गाडा लावला. भजी तळायला उजेड लागतो. घुमटीकडे वायर आलेलीच आहे म्हटल्यावर त्याने तिच्यातूनच जोड घेऊन ओवळीला चार ट्यूबलाईट टांगल्या. कृष्णनाथांनी मीटरकडे पाहिलं तेव्हा लाल दिवा असा काही धावत होता की त्यांना त्याची टिकटिक मोजता येईना. बोलायची सोय नव्हती. वायर आपली आहे म्हणावं, तर बल्बही आपलाच निघणार.

आणि त्या संध्याकाळी राखणदार गप्प झाला. लोक नमस्कार घालत होते, हात पसरत होते, गाऱ्हाण्यावर गाऱ्हाणी होत होती, पण ट्यूबच्या लख्ख उजेडात बल्ब काही पेटेना. हे असं का, ते आपल्या एकट्यालाच कळतं असं समजणारा माणूस जनेलाआड घाम पुसत होता. तीन दिवस असेच गेल्यावर देवळातले वयोवृद्ध मानकरी महादेवकाका यांना बोलावणं गेलं.

महादेवकाका काठी टेकत आले, घुमटीकडे निरखून बघितलं, वायरीकडे बघितलं. "हंय काय तरी चुकला आसा," ते म्हणाले. "राखणदार उगाच गप रवणा नाय. ही वायर खंयसून येता, ता आधी बघा."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. माडामाडावरून नजरा सरकत परबांच्या गोठ्याकडे निघाल्या. आता कृष्णनाथांना घरात बसवेना. ते धावतच घुमटीपाशी पोचले, काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सुमंगलाबाई पुढे झाल्या.

"वायर आमचीच, महादेवकाका," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या मामांजींनी नवसाची दिलेली, तेंनीच माका सांगलेला. पण आधी ह्यो ट्यूबी बंद करूक सांगा. राखणदाराच्या दिवटीक दुसऱ्याचो उजेड कित्याक होयो?"

महादेवकाकांना हे एकदम पटलं. इतकं की ते आपणच म्हणणार होतो, असं ते नंतर सांगत. गोकुळदासने कुरकुरत जोड सोडवला. ओवळीखाली काळोख दाटला आणि माणसं श्वास धरून उभी राहिली. सुमंगलाबाई आधीच पदर खोचून स्तब्ध उभ्या होत्या.

"बा राखणदारा म्हाराजा," त्यांनी मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "आमच्या घरवाल्यान गीझराचो फ्यूज काढून खिशात घातल्यान आसा. भाणाच्या धुरान माझे डोळे गेले. तो फ्यूज परत लावचो असलो, तर तुझी दिवटी दाखव रे म्हाराजा."

आणि त्यांनी दोन्ही हात पसरून, डोक्यावरून आणून, असा काही मोठा नमस्कार केला की बाजूची जानकी दोन पावलं मागे सरली.

घुमटी उजळून निघाली.

"होय म्हाराजा!" सगळी गर्दी एका आवाजात म्हणाली. मग तीच गर्दी वळून कृष्णनाथांच्या खिशाकडे बघू लागली. तो एका बाजूला ओढला गेलेला स्पष्ट दिसत होता. कृष्णनाथांनी फ्यूज काढला, कोणीही न सांगता कपाळाला लावला आणि बायकोच्या हातात दिला. महादेवकाकांनी निकाल दिला की राखणदाराला परका उजेड चालत नाही, यापुढे इथे ट्यूब लावायची नाही. गोकुळदासचा गाडा काळोखात भजी तळू शकेना, तो तिठ्यावर परत गेला, आणि चार दिवसांत गर्दीही पांगली.

घरी आल्यावर कृष्णनाथांना राहवलं नाही. हात हलवल्यावर दिवा पेटतो, हे तुला कसं ठाऊक, असं त्यांनी हळूच विचारलं.

"खोक्यावर चित्र होता मा," सुमंगलाबाई उंडे परातीत काढत म्हणाल्या.

"खोको मी सोडणात घातलेलंय. जळूचो होतो तो."

"सोडणा जाळता कोण?" त्यांनी वळून बघितलं. "गीझर चालू असतो, तर तो खोको माका जल्मात गावलो नसतो."

कृष्णनाथांनी यावर विचार केला आणि त्यात कुठेच चूक सापडली नाही. मग, तू देवासमोर खोटं बोललीस, असं त्यांनी म्हणून पाहिलं.

"मी खोटा काय बोललंय? धूर खरो, डोळे खरे, फ्यूज खरो. हात हलवल्यार दिवो पेटतलो, ह्या माका ठावक होता. पण चार माणसांत तुमी तोंड उघडून पण बोलूक नाय, ह्या मात्र राखणदारान केल्यान."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत पहिल्यांदा कृष्णनाथच गेले. शिडी चढून आणि माडांखाली मान वर करून करून त्यांचा खांदा तेव्हापासून आखडला होता. भाणातल्या धुरकट पाण्याने तो सुटला नव्हता. नळाखाली भरलेल्या तांब्यातलं वाफाळतं पाणी खांद्यावर पडलं आणि त्यांनी डोळे मिटले.

पोदेर उंडे देऊन गेला, चहा निवला, पुन्हा गरम झाला, तरी ते बाहेर येईनात. सुमंगलाबाई बाहेर जाऊन मीटर बघून आल्या आणि न्हाणीच्या दारावर टकटक केली.

"आयकलात? लाल दिवो धावता हां."

आतून आणखी एक तांब्या भरल्याचा आवाज आला.