कॉइलचं सुतक

जुनी कॉइल बदलली त्या दिवसापासून आमच्या गिझरने दहा दिवसांचं सुतक धरलं.

नवी कॉइल बसवून जमदाडे इलेक्ट्रिशियनने नळ सोडला, तर पाणी गार. त्याने टेस्टर लावला, वायरी ओढून पाहिल्या, थर्मोस्टॅटही बदलला. लाल दिवा तर नीट लागत होता. मग त्याने टाकीला कान लावला आणि मला विचारलं, "काकू, जुनी कॉइल कुठाय?"

"भंगारवाल्याला दिली. लोणचं घालायचं होतं का तिचं?"

"सोळा वर्षं एका टाकीत होती ती. तासाभरात घराबाहेर काढलीत? गिझर सुतकात आहे. दहाव्यापर्यंत तापायचा नाही."

वाईच्या थंडीत दहा दिवस म्हणजे काय ते मला विचारा. यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय एक्याऐंशी. गुडघ्यांवर कडकडीत पाणी घेतल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही. गॅसवर तापवलं असतं, पण भरलेलं पातेलं उचलणार कोण? माझं मनगट दिवाळीत मोडलेलं. तांब्या-तांब्याने नेलं तर बाथरूमपर्यंत जाईतो कोमट.

सहाव्या दिवशी वन्संना पलंगावरून उठता येईना. आठव्या दिवशी त्यांनी सांगलीला धाकट्या भावाला, अरविंदभाऊजींना, फोन लावला. त्यांच्याकडे सोलर आहे. "अकराव्या दिवशी गाडी घेऊन ये. आता तिकडेच राहीन. नलिनीच्या जिवाला किती घोर लावायचा?"

"खुशाल जा," मी म्हटलं. आमटीत गूळ किती, यावर बत्तीस वर्षं भांडतोय आम्ही. मी आत जाऊन त्यांच्या शालींच्या घड्या घालायला घेतल्या आणि एकाच शालीची घडी चारदा घातली.

जमदाडेने भंगारातून कॉइल शोधून आणली. दहाव्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, टोपी घालून आला. माणसांचं दहावं घाटावर, विजेच्या वस्तूंचं मीटरखाली. आमचा मीटर मागच्या अंगणात, वन्संच्या खिडकीशेजारी आहे. मी भाताचा पिंड केला, त्यावर कॉइलवरचा चिमूटभर पांढरा क्षार खरवडून ठेवला. आम्ही लांब जाऊन उभे राहिलो.

कावळा आला, कुंपणावर बसला. पिंडाकडे बघेना.

"काहीतरी राहिलंय तिचं," जमदाडे म्हणाला. "कबूल करा."

"नव्या कॉइलला दरवर्षी साफ करू," मी म्हटलं. कावळा पिसं खाजवत बसला.

"आंघोळ झाली की बटण लगेच बंद करू." तरी नाही. "व्होल्टेज कमी असलं की लावणार नाही." नाहीच.

अकरा वाजून गेले. जमदाडेने घड्याळ पाहिलं. "बाराच्या आत शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतो. पण मग गिझर जन्मभर कोमटच देईल, हे आधीच सांगतो."

"अरे, पण तिला हवंय तरी काय?"

"सोळा वर्षं सकाळी पहिलं पाणी कुणासाठी तापवायची ती?"

मी खिडकीकडे पाहिलं. वन्सं भिंतीला धरून कशाबशा उभ्या होत्या. उद्याच्या प्रवासाची साडी आजच अंगावर.

मला असलं काही बोलायची सवय नाही. आमच्या घरात कुणालाच नाही. पण बारा वाजत आले होते.

"वन्सं सांगलीला जाणार नाहीत," मी कावळ्याला म्हटलं. "मी जाऊ देणार नाही. त्या गेल्या तर मी भांडू कुणाशी? मला त्यांच्याशिवाय करमत नाही."

कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. जमदाडेने टोपी काढली, आत जाऊन बटण दाबलं, मजुरी नको म्हणाला आणि सायकलवरून गेला. खिडकी वन्संनी आतून लावून घेतली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी अरविंदभाऊजी गाडी घेऊन हजर झाले. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. बाथरूमच्या दाराखालून वाफ येत होती.

"ताई, सामान गाडीत ठेवू का?" भाऊजींनी बाहेरून विचारलं.

आतून तांब्या बादलीवर ठेवल्याचा आवाज आला.

"नलिनी," वन्सं म्हणाल्या, "त्याला चहा दे आणि परत पाठव. आणि इकडे विसण आण. फार कडक आलंय पाणी."

मी भाऊजींसाठी आधण ठेवलं आणि गार पाण्याची कळशी डाव्या हाताने उचलून आत गेले.